फोटोतील बंदूक आणि बंदुकीमागचा माणूस



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, असा या व्याख्यानमालेचा शिरस्ता आहे. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते यंत्राजवळ, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर. तेव्हा मी बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कामगार कायदा यांवर बोलेन अशी आपली अपेक्षा असेल, तर ती रास्तच आहे. पण आज मी बोलणार आहे जुन्या फोटोतील बंदुकीविषयी.

कामगार पुढाऱ्याचा आणि बंदुकीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध कागदपत्रांतून आला. गिरण्या बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा आपला बाप गिरणीत होता हे सिद्ध करण्यासाठी लोक घरातल्या पत्र्याच्या पेट्या उपसू लागले. तिकीट, हजेरीचा कागद, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, जे सापडेल ते पिशवीत घालून आमच्याकडे येऊ लागले. या कागदांबरोबर पुष्कळदा एखादा पिवळा पडलेला फोटो येई. पागोटे बांधलेला, मिशा पिळलेला एक तरुण, आणि त्याच्या शेजारी बंदूक. "हे आमचे पणजोबा. जर्मनीच्या लढाईत होते," एवढेच घरच्यांना ठाऊक असे. कोणती पलटण? ठाऊक नाही. कोणते साल? ठाऊक नाही. कित्येक घरांत तर नावही ठाऊक नसे.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून मुंबईला जशी गिरणीसाठी माणसे आली, तशीच त्याच गावांतून पलटणींतही गेली. एक भाऊ साच्यावर आणि एक भाऊ फलटणीत, अशी घरे आमच्याकडे शेकड्यांनी आहेत. म्हणून या फोटोंतले माणूस कोण, हा प्रश्न माझ्या लोकांचाच प्रश्न आहे. आणि माणूस बोलत नसला तरी त्याच्या हातातले यंत्र बोलते. बंदूक हे यंत्रच आहे. ते कोणत्या साली निघाले, कोणाला मिळाले आणि केव्हा मोडीत गेले, याचा हिशेब लागतो. फिटर जसा आवाजावरून साचा ओळखतो, तशी बंदूक आकारावरून ओळखता येते. त्यासाठी पदवी लागत नाही. एक भिंग, एक मोजपट्टी आणि थोडा धीर लागतो.

प्रथम फोटोच तपासून घ्यावा. तो फ्रेममधून ओरबाडून काढू नये. फ्रेमसकट उजेडात न्यावा आणि त्याचा मोठा, स्वच्छ फोटो काढून घ्यावा. मग तो उलटा तर छापलेला नाही ना, हे पाहावे. जुन्या फोटोची नक्कल करताना काच किंवा फिल्म पालथी पडली की डाव्याचे उजवे होते. बिल्ले आणि पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. ती उजवीकडे दिसत असतील तर फोटो उलटा आहे असे समजावे, नाहीतर बंदुकीचा बोल्ट भलत्याच बाजूला दिसून आपण भलताच निष्कर्ष काढू. तिसरी गोष्ट अशी की, फोटो कोठे काढला आहे ते पाहावे. रंगवलेला पडदा, खोटा जिना, कुंडी असे काही असेल तर तो स्टुडिओ आहे. बंदूक ही सरकारची मालमत्ता. शिपाई रजेवर निघाला की ती कोतात जमा होई. शिवाय १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची आपल्या लोकांना बंदीच होती. तेव्हा बंदुकीसह काढलेला फोटो बहुधा छावणीजवळच्या स्टुडिओतला, किंवा बंदूक स्टुडिओवाल्याने शोभेला दिलेली. हा दुसरा संभव डोळ्यांआड करू नये.

आता बंदूक. आपल्या घरांतील फोटोंपुरत्या चार जाती ध्यानात ठेवल्या तरी बरेच काम भागते.

पहिली ठासणीची एन्फील्ड, १८५३ च्या नमुन्याची. दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची आणि गजाने ठासायची. हिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली काय वणवा पेटला तो सर्वांस ठाऊक आहे. लांबी सुमारे ५५ इंच, नळीवर लोखंडाच्या तीन कड्या, आणि उजव्या अंगाला उभा घोडा. घोडा म्हणजे आपटणारा भाग, बोटाने ओढायचा तो चाप. या दोहोंत गल्लत करू नये.

दुसरी स्नायडर, १८६६ ची. इंग्रजांनी काटकसर केली. जुन्या एन्फील्डची नळी मागच्या बाजूला कापली आणि तेथे बिजागरीवर उजवीकडे उघडणारा एक ठोकळा बसवला. आता काडतूस मागून घालता येऊ लागले. दुरून ही बंदूक ठासणीसारखीच दिसते. तीच लांबी, त्याच तीन कड्या, तोच घोडा. फरक घोड्याच्या पुढ्यात, नळीच्या मुळाशी असलेल्या त्या ठोकळ्यात. फोटो पुसट असेल आणि ठोकळा दिसत नसेल तर "दोहोंपैकी एक" असे लिहून ठेवावे आणि तेथेच थांबावे.

तिसरी मार्टिनी-हेन्री, इंग्रजी फौजेने १८७१ साली स्वीकारलेली. हिला बाहेर घोडा नाही, बोल्टही नाही. मधोमध लोखंडाची चपटी पेटी आणि चापाच्या मागे, दस्त्याच्या मानेखाली एक लांब दांडी. दांडी खाली ओढली की आतला ठोकळा खाली पडतो आणि काडतूस घालता येते. लांबी सुमारे ४९ इंच. एकदा ही दांडी ओळखली की मार्टिनी पुन्हा चुकत नाही.

चौथे घराणे ली यांच्या बोल्टचे. १८८८ ची ली-मेटफर्ड, १८९५ ची ली-एन्फील्ड, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली आखूड ली-एन्फील्ड, जिचा १९०७ चा तिसरा नमुना पहिल्या महायुद्धात सर्वत्र गेला. हीच आपली थ्री-नॉट-थ्री. उजव्या हाताला बोल्टची मूठ आणि चापाच्या पुढे खाली डोकावणारी काडतुसांची पेटी, ही हिची खूण. जुनी लांब ली असेल तर नळीचे टोक लाकडाच्या पुढे चांगले बाहेर आलेले दिसते आणि लांबी साडेएकोणपन्नास इंच भरते. आखूड असेल तर लाकूड थेट तोंडापर्यंत जाते, तोंड बसके दिसते, माशीच्या दोन बाजूंना दोन कान असतात आणि लांबी साडेचव्वेचाळीस इंच. भिंतीवरच्या फोटोत बसक्या तोंडाची बंदूक दिसली तर विसावे शतक उजाडले होते एवढे निश्चित.

लांबी मोजायची कशी? माणूस उभा असेल आणि बंदूक त्याच्या पायाशी टेकलेली असेल तर सोपे आहे. फोटोतला माणूस मोजा, पण पागोटे सोडून, डोक्याच्या अंदाजापर्यंत. मग बंदूक मोजा. प्रमाण काढा. बंदूक माणसाच्या पुढे धरलेली असेल तर ती मोठी दिसते, तेव्हा या मापाला एक-दोन इंचांची सूट द्यावी. मोजमाप नको असेल तरी नजरेला कळते. ठासणी आणि स्नायडर खांद्याला येते, मार्टिनी काखेला आणि आखूड ली-एन्फील्ड त्याहून खाली, छातीवर राहते.

येथवर झाली कारागिरी. पण मंडळी, या चार जाती कोणाला केव्हा मिळाल्या हे पाहू लागलो की कारागिरी संपते आणि राज्यकारभार सुरू होतो.

१८५७ नंतर सरकारने एक धडा घेतला. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाइतके चांगले हत्यार पुन्हा द्यायचे नाही. प्रथम तर एन्फील्डसारखीच दिसणारी, पण नळीतले आटे नसलेली गुळगुळीत बंदूक हिंदी पलटणींसाठी काढली. नळीत आटे असले की गोळी फिरकी घेऊन सरळ आणि दूर जाते. आटे नसले की शंभर पावलांपलीकडे नेम धरणे कठीण. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच. पुढे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर. गोऱ्यांना मॅगझिनची ली मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी. नेहमी एक पायरी खाली.

याची किंमत रणांगणावर मोजावी लागली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली आणि इंग्रजांच्या फौजेचा धुव्वा उडाला. तेथे गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या पहिल्या ग्रेनेडियर आणि तिसाव्या पलटणीकडे स्नायडर होत्या. शत्रू तोच, ऊन तेच, तहान तीच. १८९७ साली तिराहच्या मोहिमेतही हेच. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड, हिंदी शिपायांकडे मार्टिनी. गिरणीत ज्याने दोन साचे चालवले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. माणसाला जुने यंत्र द्यायचे आणि उत्पादन नव्या यंत्राइतके मागायचे, ही रीत आम्हांला परिचयाची आहे. १९१४ साली लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सला पोचल्या, तेव्हा मार्सेय बंदरात उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली घेऊन नव्या हाती देण्यात आल्या. जर्मन समोर आला तेव्हा बरोबरीची बंदूक सापडली!

म्हणून फोटोतील बंदूक ओळखताना इंग्रजी पुस्तकातले साल जसेच्या तसे घेऊ नये. इंग्लंडात मार्टिनी १८७१ ची. आपल्या पणजोबांच्या हाती ती बहुतेक १८९० च्या आसपास किंवा त्यानंतर आली. इंग्रजी पुस्तक सांगते ते कारखान्याचे साल. आपल्या माणसाचे साल त्यापुढे पंधरा-वीस वर्षांनी येते, आणि त्या पंधरा-वीस वर्षांच्या अंतराचे नाव अविश्वास असे आहे.

आता एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. ते त्या घरचे आहे. कोकणातले एक बौद्ध कुटुंब, तीन पिढ्या मुंबईत. त्यांच्याकडे असाच एक फोटो होता. घरची समजूत अशी की, हे पणजोबा, १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली तीत भरती झालेले. पलटण खरी, साल खरे. पण फोटो मोजला. माणूस बारा सेंटिमीटर, बंदूक दहा. माणूस साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच धरला तर बंदूक ५५ इंच. समजा मार्टिनी असती, तर याच प्रमाणाने माणूस पाच फुटांहूनही बुटका ठरला असता, आणि आखूड ली-एन्फील्ड असती तर साडेचार फुटांच्या आत. असा शिपाई कोणी भरती करत नाही. भिंगातून पाहिले तर तीन कड्या, उभा घोडा आणि घोड्यापुढे तो ठोकळा. स्नायडर. कपडेही तेच सांगत होते. पायाला पट्ट्या नाहीत, सरळ विजार, उभ्या गळ्याचा कोट, आणि कोट काळपट उमटलेला. त्या काळच्या काचेवर लाल रंग काळा उमटे, आणि मुंबईच्या पायदळाचे कोट लाल असत.

मग हा १९१७ चा माणूस कसा? स्नायडर हाती असलेला पंचविशीतला शिपाई म्हणजे १८९० च्या आतला. १९१७ साली तो पन्नाशी ओलांडून गेला असणार. घरात नव्वदी उलटलेल्या एक आत्याबाई होत्या. त्यांना विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मग ते थोरले असतील. दापोलीस पेन्शन खात होते म्हणत." घरात एक शिपाई होता असे सर्वांना वाटत होते, होते दोन. बाप आणि मुलगा. बापाला नातवंडे-पतवंडे पार विसरली होती.

आणि दोघांच्या मधे काय आहे? १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याच सरकारची चाकरी केली, ते एका फटक्यात लढण्यास नालायक ठरले. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लिहिले. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली अर्ज केला. दार उघडले ते महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, आणि १११ वी पलटण १९२१ साली पुन्हा मोडून टाकली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत दार पुन्हा बंद. त्या घराच्या दोन शिपायांमधली पंचवीस वर्षे ही अशी आहेत. त्या वर्षांत त्या घरातला कोणीही बंदूक घेऊन फोटोला उभा राहू शकत नव्हता. तो कोठे गेला? मुंबईला, गिरणीत. आणि गिरणीतही विणाई खात्यात त्याला मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. त्याच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. हे आमच्याच कामगारांनी चालू दिले, हे कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हाच प्रश्न पुढे मांडला होता.

एका बंदुकीच्या ठोकळ्यावरून एवढे निघाले. पण बंदूक सगळेच सांगत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मोडीत निघालेली हत्यारे संस्थानांच्या फौजांकडे, पोलिसांकडे आणि पहारेकऱ्यांकडे जात. ईशापूरच्या कारखान्यात तर थ्री-नॉट-थ्रीच्या काही रायफलींना गुळगुळीत नळी बसवून, एका वेळी एकच काडतूस उडवणाऱ्या बंदुका पोलीस आणि तुरुंगांसाठी केल्या. १८५७ नंतरची युक्ती पुन्हा नव्या कापडात. आणि थ्री-नॉट-थ्री इतकी वर्षे चालली की तिच्यावरून एकट्याने साल ठरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांसमोर उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हातीही तीच होती. बंदूक "याच्या आधी नव्हे" एवढे पक्के सांगते. "याच्या नंतर नव्हे" हे गणवेश, पदके, खांद्यावरची पितळी अक्षरे, फोटोचा पुठ्ठा आणि घरातली म्हातारी माणसे सांगतात. सर्वांची साक्ष जुळली की मगच निकाल द्यावा. कामगार न्यायालयात एकाच साक्षीदारावर आम्ही दावा लढवत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि ज्यासाठी मी हा विषय घेतला तो मुद्दा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या. काही गावांत त्या चावडीवर, शाळेच्या भिंतीवर अजून आहेत. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. नावे नाहीत, आकडा आहे. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकात कूटच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूट पडले आणि उपाशी, आजारी माणसे कैदेत गेली; पुष्कळ परत आली नाहीत. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्याला १९२९ साली जे स्मारक झाले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीखाली फक्त संख्या घातली. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने हा भेदभाव झाल्याचे स्वतःच मान्य केले. तिच्या अहवालाप्रमाणे निदान १,१६,००० माणसांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतची, नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. त्यांत आफ्रिकेतले हमाल होते, तसे आपलेही लोक होते.

प्रत्येक रायफलीवर नंबर ठोकलेला असे. ती हरवली तर चौकशी बसे, शिक्षा होई. माणूस हरवला तर पाटीवर आकडा एकाने वाढला. गिरणीत आम्हांला बिल्ल्याच्या नंबराने हाक मारीत, तेव्हा आम्ही भांडलो ते याच कारणासाठी की, आकड्याला बायको नसते, पोर नसते, गाव नसते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आज घरी गेल्यावर भिंतीवरचा तो फोटो खाली घ्या. बंदूक ओळखा, साल बांधा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. उद्यावर टाकू नका. पेन्शनचा कागद, डिस्चार्जचा कागद, पदकाच्या कडेला कोरलेली बारीक अक्षरे भिंगाने वाचा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा नंबर, नाव आणि पलटण असते. माणूस लढाईत पडलेला असेल तर आयोगाच्या नोंदी आता इंटरनेटवर पाहता येतात. गावाचे आणि बापाचे नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून शोधा, कारण कारकुनाने कानाला आले तसे लिहिले आहे. आणि जे हाती लागेल ते फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहा. शाई पुढच्या बाजूला उतरते. नाव, बापाचे नाव, गाव, पलटण, अंदाजे साल. जे नक्की आहे ते नक्की म्हणून, जे तर्काचे आहे ते तर्क म्हणून.

कोकणातल्या त्या कुटुंबाने आता दोन फोटोंच्या जागी दोन चौकटी केल्या आहेत. धाकट्याचा फोटो सापडला नाही, म्हणून एका चौकटीत नुसते नाव लिहिले आहे. नाव असले की चौकट रिकामी वाटत नाही.